उंबरठ्याच्या आतील माणसे

औंढा नागनाथाला गेलेल्या प्रत्येकाच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. शंकराच्या देवळात नंदी समोर असावयाचा. येथे तो मागे आहे. असे का, म्हणून विचारले की तेथील कोणीही कथा सांगतो. नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनास उभे होते. पुजाऱ्यांनी जातीवरून त्यांना हटकले आणि मागे जाऊन काय ते गा म्हणून सांगितले. नामदेव मुकाट्याने मागे गेले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी तेवढा होता तेथेच राहिला.

ही कथा इतिहासकार मानणार नाहीत, आणि त्यांनी ती मानावी असा आमचाही आग्रह नाही. पण ती अलीकडे कोणी रचलेली नव्हे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतल्या एका पदात भक्ती करीत असता आपल्याला धरून उठविले, आपण कांबळे घेऊन देवळामागे जाऊन बसलो आणि देऊळ आपल्याकडे वळले, असे नामदेवच सांगतात. त्या पदात गावाचे नाव नाही. आपल्या भागाने ते औंढ्याचे मानले, यात नवल नाही. कारण कयाधूकाठची नरसी नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने ओळखली जाते, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथाही औंढ्याशीच जोडलेली आहे.

आम्हांस आज बोलावयाचे आहे ते मात्र चमत्काराविषयी नव्हे. औंढ्याच्या कथेत नामदेव बाहेर काढले गेलेले आहेत. पंढरपुरात तेच नामदेव आत आहेत, देवाचे लाडके आहेत. आणि त्यांचा जिवाचा सोबती चोखामेळा बाहेर आहे. एकाच माणसाच्या वाट्याला उंबरठ्याच्या दोन्ही बाजू आल्या. ज्याला आत जाण्याची मुभा आहे त्याने बाहेरच्यासाठी काय करावे, आणि ते करताना त्याला काय भरावे लागते, हा आमचा प्रश्न आहे. तो पंढरपूरचा आहे तसाच अमेरिकेतल्या लूथरपंथी पाद्र्यांचाही आहे.

चोखोबा 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून तिच्याखाली मरण पावले. परंपरा सांगते की, नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्या त्यांनी वेचल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. पुढे स्वतः नामदेवांनीही जागा मागितली ती गाभाऱ्यात नव्हे, त्याच दाराच्या पायरीत. आजही नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी समोरासमोर आहेत. एवढे नामदेवांना करता आले. दार मात्र उघडले नाही. चोखोबांच्या जातभाईंनी त्या समाधीपर्यंत यावे आणि तेथूनच कळसाला हात जोडून परतावे, असा क्रम 1947 पर्यंत चालला. 1338 ते 1947 म्हणजे 609 वर्षे होतात.

मधल्या काळातल्या सगळ्या प्रयत्नांची हकीकत येथे सांगत नाही. 2 मार्च 1930 रोजी नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तो काही वर्षे चालला, हे सर्वांस ठाऊक आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा आरंभिला नव्हता. आपल्या हक्कांची जाणीव त्यांना व्हावी म्हणून आरंभिला होता, असे बाबासाहेबांनी नंतर स्पष्ट केले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. म्हणजे पंढरपूरचे दार हलू लागले तेव्हा बाहेरच्यांच्या मोठ्या पुढाऱ्याने त्या दाराकडे पाठ फिरवून बारा वर्षे होत आली होती. साने गुरुजींच्या उपोषणाचे वर्णन करताना ही गोष्ट बहुधा गाळली जाते. ती गाळू नये.

गुरुजी दाराच्या आतले होते; पालगडच्या ब्राह्मण घरात जन्मलेले, विठ्ठलाचे भक्त. विठोबाचे दार सर्वांस उघडे होईपर्यंत प्राण पणास लावण्याचे त्यांनी ठरविले. आधी लोकमत तयार करावे, या ज्येष्ठांच्या आग्रहावरून त्यांनी उपोषण काही महिने लांबविले, सेवादलाचे कलापथक घेऊन महाराष्ट्रभर हिंडले, आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. मठ एका वारकरी महाराजांचा होता, हे विसरू नये. सनातनी विरोधात होतेच. पण खुद्द गांधीजींनाही हे उपोषण पसंत नव्हते. ते सोडण्याविषयी त्यांनी तार केली. गुरुजींनी नम्रपणे नकार दिला. ज्याला आपण गुरुस्थानी मानतो त्याचेच म्हणणे मोडावे लागणे ही शिक्षा उपाशी राहण्याहून मोठी असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. अखेर दादासाहेब मावळंकर मध्यस्थीस पडले, बडव्यांनी संमती दिली आणि 10 मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

आता आम्ही श्रोत्यांस फार दूर नेणार आहोत. पण प्रश्न तोच आहे.

मार्टिन लूथर या जर्मन संन्याशाने 1517 साली रोमच्या धर्मपीठाशी वाद आरंभिला, त्यातून निघालेला पंथ तो लूथरपंथ. जर्मनी, स्वीडन, नॉर्वे येथून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तो तिकडे नेला. त्यांच्या बहुतेक मंडळ्या (मराठी ख्रिस्ती लोकांचा 'चर्च'साठीचा शब्दच आम्ही येथे योजतो) देशभाषेप्रमाणे बनल्या आणि त्यामुळे गोऱ्यांच्याच राहिल्या. कृष्णवर्णीय लूथरपंथीयांच्या मंडळ्या वेगळ्या असत. त्यांतल्या काहींना पाद्री मात्र गोरा मिळे. येथे व्यवस्थेतली एक खुबी सांगितली पाहिजे. त्या पंथात पाद्र्याला बहुधा मंडळीच बोलावते आणि मंडळीच त्याचा चरितार्थ चालविते. बडव्यांचा हक्क वंशपरंपरेचा होता. तो कोणाच्या मर्जीवर नव्हता. पाद्र्याचे तसे नाही. मंडळी बिथरली की त्याच्या संसाराची सोय गेली.

अलाबामा संस्थानातल्या माँटगोमेरी शहरी अशा एका कृष्णवर्णीय मंडळीचा पाद्री म्हणून रॉबर्ट ग्रेट्झ हा सत्तावीस वर्षांचा गोरा तरुण 1955 साली बायकामुलांसह आला. त्याच वर्षी 1 डिसेंबर रोजी रोझा पार्क्स या बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला, त्यांना अटक झाली आणि 5 डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो 381 दिवस टिकला. या बाई ग्रेट्झच्या परिचयातल्या होत्या. त्याच्या चर्चमध्ये त्या तरुणांच्या बैठका घेत. ग्रेट्झने व्यासपीठावरून बहिष्काराचा पुरस्कार केला आणि सकाळी स्वतःची मोटार काढून तो लोकांना कामावर पोचवू लागला. शहरातल्या गोऱ्या पाद्र्यांत उघडपणे असे करणारा तो एकटाच निघाला. कोणी त्याच्या मोटारीच्या पेट्रोलमध्ये साखर टाकली, कोणी टायर कापले. ऑगस्ट 1956 मध्ये घरावर बाँब पडला आणि जानेवारी 1957 मध्ये पुन्हा पडला. दुसऱ्या वेळचा मोठा बाँब फुटला नाही, म्हणून कुटुंब वाचले. ग्रेट्झ 2020 साली वारला.

ग्रेट्झची त्याच्या मंडळीशी कुरबुर नव्हती. मंडळी त्याच्या पाठीशी होती. खरी कसोटी गोऱ्या मंडळीच्या पाद्र्याची. नेब्रास्का संस्थानात ओमाहा शहरी ऑगस्टाना नावाची लूथरपंथी मंडळी होती आणि विल्यम यंगडाल हे तिचे पाद्री होते. 1965 च्या सुमारास त्यांनी एक साधी सूचना केली : आपल्यातल्या दहा जोडप्यांनी, ज्यांची इच्छा असेल त्यांनीच, शेजारच्या भागातल्या दहा कृष्णवर्णीय लूथरपंथी जोडप्यांच्या घरी भेटीस जावे आणि त्यांनी आपल्या घरी यावे. एवढेच! कोणाला सभासद करून घ्या, प्रभुभोजनास शेजारी बसवा, असे काही नव्हते. तरीही मंडळी हादरली. गंमत अशी की, विरोध करणाऱ्यांत दुष्ट माणूस शोधून सापडत नाही. सारे सभ्य, हळू बोलणारे. ते म्हणत, आमच्या मनात द्वेष नाही; पण अजून वेळ आलेली नाही.

हे वाक्य आम्हांस ओळखीचे वाटते. पंढरपुरातही लोकमत तयार झाले नाही असेच म्हणत. आतल्या माणसाला वेळ आली नाही असे वाटते. बाहेरच्याच्या हिशेबाने ती कधीच टळून गेलेली असते.

हा सगळा प्रसंग घडत असतानाच एका लूथरपंथी चित्रसंस्थेने त्याचा बोलपट घेतला, म्हणून आपणांस तो इतका बारकाईने ठाऊक आहे. 'अ टाइम फॉर बर्निंग' हे त्याचे नाव. त्यात एक दृश्य आहे. यंगडाल एका कृष्णवर्णीय न्हाव्याच्या दुकानात जातात. न्हावी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता त्यांना शांतपणे ऐकवितो की, हा प्रश्न आमच्याने सुटण्यासारखा नाही, कारण दोऱ्या तुमच्या लोकांच्या हाती आहेत. आणि तुम्ही खरेच काही करू लागलात तर तुमचेच लोक तुम्हांला काढून टाकतील. पाद्रीबोवा ऐकत राहतात. त्यांच्याजवळ उत्तर नाही. न्हाव्याचे म्हणणे खरे ठरले. यंगडालना राजीनामा द्यावा लागला. तो न्हावी म्हणजे अर्नी चेंबर्स. 1970 साली तो नेब्रास्काच्या विधिमंडळावर निवडून आला आणि पुढे अनेक वर्षे तेथे गाजला.

लूथरपंथीयांची कहाणी सारी अशीच उजळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याच देशात ती उलटी घडली. 1706 साली झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ हे लूथरपंथी मिशनरी तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीस उतरले. तेथे उभ्या राहिलेल्या मंडळीत वेल्लाळ आणि परैयर वेगवेगळे बसत. 1733 साली आरोन या वेल्लाळ गृहस्थास पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. राजनायकन हा परैयर उपदेशक योग्यतेने कमी नव्हता, पण वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत, या भीतीने त्याला ती मिळाली नाही. 1833 साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळ्यांतला जातिभेद ताबडतोब टाकण्याचा हुकूम काढला, तेव्हा रागावून बाहेर पडलेल्या पुष्कळांना पुढे आसरा मिळाला तो लाइपझिगच्या लूथरपंथी मिशनकडे. पंथ तोच, लूथर तोच, बायबल तेच. माँटगोमेरीत एक पाद्री घरावर बाँब झेलतो आणि तरंगंबाडीत दुसरे पाद्री बसण्याच्या जागा वेगळ्या राहू देतात. तेव्हा धर्मग्रंथात काय लिहिले आहे यावर हा प्रश्न सुटत नसून, ज्यांच्या हाती अधिकार आहे ते काय गमावण्यास तयार आहेत यावर सुटतो, असे आमचे मत झाले आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या काळात जागतिक लूथरपंथी संघटनेने हे उशिरा का होईना ओळखले. वर्णभेद ही श्रद्धेचीच कसोटी आहे असे तिने 1977 साली ठरविले आणि 1984 साली तिकडच्या दोन गोऱ्या मंडळ्यांचे सभासदत्व स्थगित केले.

इकडे पंढरपुरात 10 मे 1947 ला दार उघडले, पण आतली व्यवस्था तशीच राहिली. बडवे आणि उत्पात यांचे हक्क काढून घेणारा कायदा 1973 साली झाला आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात संपला तो 2014 साली. त्यानंतर देवाच्या पूजेसाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडून अर्ज मागविले गेले. दार उघडणे आणि गाभाऱ्यात हात पोचणे यांत 67 वर्षे गेली.

आणि पंगत? देवळाचे दार कायद्याने उघडते, पंगत कायद्याच्या टप्प्यात येत नाही. ओमाहाच्या मंडळीला चर्चच्या दाराची धास्ती नव्हती, जेवणाच्या मेजाची होती. नरसीला पंजाबातून शीख यात्रेकरू येतात. देऊळ फिरल्याची ती कथा ज्या ग्रंथात आहे तो ते शिरावर घेतात, आणि लंगरमध्ये कोणाच्या शेजारी कोण बसले हे विचारीत नाहीत. हे पाहून आम्हांला आमच्या लहानपणचा एक सप्ताह आठवतो. गावाचे नाव सांगत नाही. देऊळ केव्हाच सर्वांस खुले झाले होते आणि चोखोबांचे अभंग तर रोज म्हटले जात. काल्याच्या दिवशी मात्र एक पंगत मंडपात बसे आणि दुसरी पलीकडे लिंबाखाली. त्या वर्षीचे कीर्तनकार बुवा काल्याचे कीर्तन आटोपून मंडपात आले. मानाचा पाट मांडलेला होता. त्यांनी पाट तेथेच ठेवला, आपली पत्रावळ उचलली आणि लिंबाखालच्या पंगतीत शेवटी जाऊन बसले. कोणी काही बोलले नाही. वाढपी थोडा वेळ घुटमळला आणि मग तिकडेच वाढू लागला. पुढच्या वर्षी सप्ताहाची पत्रिका छापून आली, तीत बुवांचे नाव नव्हते.