छोटे विमान आणि न दिसणारे भोवरे

अमेरिकेत स्वतः छोटे विमान चालवत दुसऱ्या गावी केवळ जेवायला जाणारे हौशी वैमानिक आहेत. मेम्फिस हे शहर मंद आचेवर भाजलेल्या मांसासाठी, म्हणजे बार्बेक्यूसाठी, प्रसिद्ध आहे. पण तेथील विमानतळ फेडएक्सच्या अवाढव्य मालवाहू विमानांचे मुख्य केंद्रही आहे. अशा ठिकाणी छोट्या विमानाला पुढच्या विमानाने ढवळलेल्या हवेचाही धोका असतो. तो कसा, ते पाहू.

उडताना पंखाखालच्या हवेचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे पंखांच्या टोकांशी हवा खालून वर वळते व विमानामागे परस्परविरुद्ध फिरणारे दोन भोवरे तयार होतात. विमान जितके जड व संथ, तितके भोवरे जोरदार. बोइंग ७७७ मालवाहू विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन. चार आसनी सेस्ना १७२ चे जेमतेम १.१ टन! भोवऱ्यात सापडलेले छोटे विमान कलंडू शकते आणि जमिनीजवळ सावरायला उंची उरत नाही.

म्हणून छोट्या विमानाने मोठ्याच्या मार्गाच्या वरून यावे व ते जेथे टेकले त्याच्या पुढे टेकावे, असे शिकवतात. नियंत्रकही दोहोंत अंतर राखतात. त्यासाठी विमानांचे सहा गटांचे नवे वर्गीकरण २०१२ मध्ये प्रथम मेम्फिसलाच वापरात आले.

वरूनच का? परातभर पाण्यात बशी अर्धी बुडवून उभी धरा, हलकेच पुढे सरकवा आणि उचला. दोन भोवरे एकमेकांना ढकलत जोडीने पुढे जाताना दिसतील. विमानामागची जोडी याच कारणाने खाली उतरते.