लोणंदहून अचानक निघून समुद्रकाठी मुक्काम
लोणंदहून शिरवळ, भोर, वरंध घाट, महाड, मंडणगड असा रस्ता धरला की सकाळी ठरवून संध्याकाळी वेळासचा किनारा गाठता येतो. पावसाळ्यात घाट बऱ्याचदा बंद असतो. तंबूची जागा भरती पाहूनच ठरवावी. भरती साधारण दिवसातून दोनदा येते, रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर चढते. वाळूवर शेवाळ, शिंपल्या, काटक्यांची वाकडी रेघ उरते, ती आधीच्या भरतीची खूण. तंबू तिच्यापासून बराच वर, सुरूच्या झाडांकडे लावावा. हिवाळ्यात मात्र इथे ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. त्या महिन्यांत वाळूवर तंबू, शेकोटी, बॅटरी काहीच नको. गावातल्या घरी मुक्काम करावा, तोच सुंदर.