माया ठेवून शिवलेला कोट

भिवंडी हे कापड विणणारे शहर आहे, आणि अशा शहरात जुन्या कपड्याची पारख धाग्यापासून सुरू व्हावी हे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथे हातमाग रुजवले, विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि शर्टिंग-सुटिंगचे कोरे कापड, म्हणजे मागावरून उतरलेले पण धुलाई-रंगाई न झालेले कापड, येथून मोठ्या प्रमाणावर बाहेर जाऊ लागले. जवळच्याच ठाण्यात १९२५ साली लोकरी कापडाची गिरणी उभी राहिली. सुरुवातीस जाडीभरडी ब्लँकेटे विणणारी ही गिरणी १९४४ मध्ये सिंघानिया घराण्याकडे आली आणि पुढे रेमंड हे नाव सुटाच्या कापडाशी कायमचे जोडले गेले. या पट्ट्यातील कित्येक घरांच्या ट्रंकांत आजोबांच्या लग्नातला किंवा नोकरीतला एखादा मापाने शिवलेला कोट आजही पडून असतो. तो बोहारणीला भांड्याच्या बदल्यात देऊन टाकण्याआधी एकदा उलटा करून आतून नीट पाहिला पाहिजे, कारण कोटाचे वय, मोल आणि उरलेले आयुष्य या तिन्ही गोष्टी त्याच्या आतल्या बाजूस लिहिलेल्या असतात.

महाराष्ट्रात कोट हा केवळ साहेबी पोशाख राहिला नाही. धोतरावर बंद गळ्याचा किंवा उघड्या गळ्याचा कोट आणि डोक्यावर पगडी अथवा टोपी हा शिक्षक, वकील व कारकून यांचा कित्येक पिढ्यांचा वेश होता. दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निगुतीने वापरलेल्या सुटाला या भूमीत स्वाभिमानाचा अर्थ मिळाला. पुण्यातील सिम्बायोसिसचे स्मारक-संग्रहालय आणि नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवन या दोन ठिकाणी त्यांच्या वापरातील वस्तू जतन केल्या असून चिचोलीच्या संग्रहात त्यांचे कोटही आहेत. थोरामोठ्यांच्या कोटाला लागू पडणारे जतनाचे नियम सामान्य घरातील कोटालाही तितकेच लागू पडतात.

कोटाची पारख करताना पहिला प्रश्न असा की, त्याची छाती शिवलेली आहे की चिकटवलेली. चांगल्या कोटाच्या पुढच्या भागात बाहेरचे कापड आणि आतली पट्टी यांच्यामध्ये कॅनव्हासचा एक थर असतो. या कॅनव्हासच्या ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, सूत किंवा लोकर असते, तर बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, जनावराचा केस वापरलेला असतो, आणि त्या केसाच्या लवचीकपणामुळेच छातीला आकार येतो. शिंपी हा थर असंख्य तिरक्या, बारीक टाक्यांनी कापडाला सैलसर धरून ठेवतो, ज्यामुळे कोट अंगाबरोबर हलतो आणि लॅपल, म्हणजे कॉलरला जोडून छातीवर उलटलेली पट्टी, इस्त्रीने दाबलेल्या घडीसारखी न दिसता आपोआप वळल्यासारखी दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कष्टाच्या कामाची जागा फ्यूजिंगने, म्हणजे उष्णतेने वितळणारा डिंक लावलेल्या अस्तराने, मोठ्या प्रमाणावर घेतली. दोन्हींतला फरक चिमटीत कळतो: सर्वांत खालच्या काजाच्या थोडे खाली पुढचे व मागचे कापड दोन बोटांनी विलग केले असता मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर तो कॅनव्हास होय, आणि पुढचे कापड स्वतःच पुठ्ठ्यासारखे ताठ लागले तर ते फ्यूजिंग होय. काही कोटांत कॅनव्हास केवळ छातीपुरता असतो, म्हणून हीच परीक्षा छातीवरही करावी. फ्यूजिंगचा डिंक वारंवारच्या ड्रायक्लीनिंगने सुटला की कापडावर फुगे येतात आणि ते समाधानकारकपणे बसवता येत नाहीत. शिवलेला कॅनव्हास मात्र उसवून पुन्हा शिवता येतो.

दुसरी खूण काजांची आहे. हाताने केलेल्या काजात कापड आधी कापून त्याच्या कडेवर रेशमी दोऱ्याने एकेक गाठ बसवलेली असते, त्यामुळे मागच्या बाजूचे टाके किंचित असमान दिसतात. यंत्रावर मात्र बहुधा आधी शिलाई होते व नंतर चीर पाडली जाते, म्हणून त्या चिरेतून कापडाचे बारीक तंतू बाहेर डोकावतात. तिसरी खूण मुंढ्याची आहे. मुंढा, म्हणजे बाही जेथे खांद्याला जोडतात ते वर्तुळ, जुन्या मापाच्या कोटात लहान आणि काखेशी उंच असतो, ज्यामुळे हात वर केला तरी अख्खा कोट वर ओढला जात नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची खूण मायेची आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. जुन्या कोटाच्या पाठीच्या मधल्या शिवणीत, कडेच्या शिवणीत आणि बाहीच्या टोकाशी ती भरपूर आढळते, कारण त्या काळच्या शिंप्याने तो कोट पुढे रुंद करावा लागेल, धाकट्या भावाला किंवा मुलाला घालावा लागेल, हे गृहीत धरलेले असे.

काळ ठरवण्यासाठी आतल्या खिशावर किंवा खिशाच्या आत शिवलेली शिंप्याची चिठ्ठी पाहावी. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे चिठ्ठीवर ४०० ने सुरू होणारा मुंबईचा किंवा ४२१३०२ हा भिवंडीचा सहा आकडी क्रमांक असेल तर ती चिठ्ठी त्यानंतरची. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग-क्रमांक असेल तर ती बहुधा त्याआधीची. इंग्रजीत ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ छापलेली चिठ्ठी सामान्यतः १९९५ च्या नामांतरानंतरची समजावी. लोकरीच्या गुंड्यासारखे दिसणारे वूलमार्क हे चिन्ह १९६४ मध्ये आले, म्हणून ते असलेला कोट त्याहून जुना असू शकत नाही. इंग्लंडहून आलेल्या कोटात दोन ‘सी’ अक्षरे आणि ४१ हा आकडा आढळला, तर तो १९४१ ते १९५२ या काळातील सरकारी नियंत्रित कपड्यांच्या योजनेतला होय. केवळ लॅपलच्या रुंदीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. १९४० च्या दशकातली रुंद लॅपल १९६० च्या सुमारास अरुंद झाली आणि १९७० च्या दशकात पुन्हा रुंदावली.

कापड कोणते हे सांगायला भिवंडीतला कोणताही अनुभवी विणकर एक धागा जाळून पाहील, आणि ही पद्धत घरीही वापरता येते. मायेतून अर्धा इंच धागा ओढून, चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून तो पेटवावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची काळी राख बोटांत चुरडते. व्हिस्कोज कागदासारखे जळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. पॉलिस्टरचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला आणि भारतीय बाजारात त्याचे मिश्र कापड त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुळले, त्यामुळे हा मणी काळाचीही साक्ष देतो.

असा कोट घालायचा झाल्यास प्रथम खांदा पाहावा. कंबर, पाठ आणि बाहीची लांबी मायेच्या मर्यादेत बदलता येते. खांदा बदलणे म्हणजे बाह्या, कॉलर आणि छाती उकलणे, आणि त्या खर्चाला बहुधा अर्थ नसतो. भिवंडीच्या दमट हवेत जाड ट्वीडचा कोट सोसवत नाही, पण साध्या विणीचे हलके लोकरी कापड, ज्यातून हवा खेळते, डिसेंबर-जानेवारीतल्या लग्नसमारंभांत सहज वापरता येते. जुन्या कोटाखाली त्याच काळची पँट हवीच असे नाही. साधी सुती पँट आणि पांढरा शर्ट असला की कोटाचा बांधा आपोआप उठून दिसतो.

जतनाच्या बाबतीत कोकणपट्टीतला पावसाळा हा खरा शत्रू आहे, कारण ओलाव्याने बुरशी येते आणि अंधाऱ्या, न हललेल्या कपड्यांत कसर लागते. कसरीच्या अळ्या लोकरीतील केराटिन हे प्रथिन खातात आणि घाम किंवा अन्नाचे डाग पडलेल्या जागा आधी गाठतात. म्हणून कोट मळका असताना कधीही ठेवून देऊ नये. प्रत्येक वापरानंतर मऊ ब्रशने वरून खाली झाडावा, रात्रभर वाऱ्यावर टांगावा, चुण्या वाफेने काढाव्यात आणि ड्रायक्लीनिंग हंगामात एखाद्या वेळेपुरतेच ठेवावे. हँगर खांद्याइतका रुंद, लाकडी असावा आणि आवरण धुतलेल्या सुती चादरीचे असावे, कारण प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून कोटाच्या वर टांगाव्यात, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते. मात्र लहान मुलांच्या खोलीत त्या ठेवू नयेत. कसर लागलेलीच असेल तर कोट पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तो पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव धरून तो ओला होतो. दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत सारे लोकरी कपडे सावलीत वाऱ्यावर काढावेत. थेट ऊन रंग उडवते.

कसरीने पाडलेले भोक म्हणजे कोटाचा शेवट नव्हे. कुशल रफूगर मायेतूनच त्याच कापडाचे धागे काढतो आणि ताणा-बाणा मोजत भोकावर नवी वीण भरतो. शिंप्याने हे जादा कापड काटकसरीने कापून टाकले नाही, म्हणूनच हे धागे हाती लागतात. फाटके अस्तर बदलता येते, काज पुन्हा भरता येते, कॅनव्हास पुन्हा बसवता येतो. जो कपडा उसवता येतो तोच दुरुस्त होतो, आणि जो दुरुस्त होतो तोच पुढच्या पिढीला मिळतो. ज्या शहरात रोज मैलोगणती कापड विणले जाते, तेथे या कसबाची किंमत सर्वांत आधी कळायला हवी. यासाठी घरोघरी एक छोटे काम करण्याजोगे आहे: कोट कोणाचा, कोणत्या साली, कोठे शिवला, हे वडीलधाऱ्यांना विचारून सुती फितीवर पक्क्या शाईने लिहावे आणि ती फीत आतल्या खिशात चार टाक्यांनी शिवून टाकावी, म्हणजे पुढच्या माणसाला पिनकोडावरून तर्क करत बसावे लागणार नाही.