भाताच्या पातीतली काच

भात कापून आलेल्या माणसाच्या हातांवर संध्याकाळी बारीक चरे दिसतात. पातीची कड करवतीसारखी लागते, कारण तिच्यात सिलिका असते. काच बनते ती याच सिलिकेपासून.

भिवंडीजवळच्या पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात आता आधी गोदामांचे पत्रे दिसतात. मुळात हा भाताचा मुलूख. नत्र, स्फुरद, पालाश इथे सगळ्यांना पाठ. जस्त कमी पडलं की भाताला ‘खैरा’ होतो, हे 1960 च्या दशकात पंतनगरला डॉ. नेने यांनी दाखवल्यापासून जस्ताचीही ओळख झाली. सिलिकॉनचं नाव मात्र क्वचितच निघतं. पुस्तकं त्याला ‘आवश्यक’ म्हणत नाहीत, नुसतं ‘उपकारक’ म्हणतात. आणि भाताचं पीक तर ते नत्रापेक्षाही जास्त उचलतं!

मातीतल्या पाण्यात सिलिकॉन सिलिसिक आम्लाच्या रूपात विरघळलेलं असतं. मुळं ते आत कशी घेतात, हे जपानमधल्या ज्यान फेंग मा यांच्या गटानं 2006 मध्ये उलगडलं: एलएसआय-1 हे जनुक मुळाच्या पेशींवर त्यासाठी जणू दार बसवतं. पुढे पानातलं पाणी उडून जातं, सिलिका मागे राहून सालीखाली थर धरते. करप्याच्या बुरशीला तो थर भेदणं जड जातं, खोडकिडीच्या अळीचे जबडे झिजतात, पात ताठ उभी राहून ऊन घेते.

ठाणे जिल्ह्यात पूर्वापार शेण, पालापाचोळा, फांद्या रचून राब भाजत. त्यानं तण मरतं, माती भुसभुशीत होते, हे सगळे सांगत; राखेतून रोपाला सिलिकाही मिळे, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. त्या राबापायी झाडं ओरबाडली जात, म्हणून तो परत यावा असं मला वाटत नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीनं त्यावर उपाय दिला आहे. पहिल्याच सूत्रात भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेताला परत द्यायला सांगितलं आहे. राख काळी, अर्धवट जळलेलीच हवी. भडक आगीत ती पांढरी झाली की सिलिकेचे स्फटिक बनतात आणि ते मुळांच्या उपयोगी पडत नाहीत.

आज पेंढा तबेल्याकडे जातो, तूस गिरणीतच राहतं, खाचरात परत येतो फक्त युरिया. त्यानं पात लुसलुशीत होते, आणि करप्याला तशीच पात हवी असते. गुंठाभर रोपवाटिकेला 50 ते 100 किलो राख पुरते. तूस जळून राख थोडीच उरते, म्हणजे रोहिणीच्या पेरणीआधी गिरणीवरून निदान दोन-अडीच क्विंटल तूस आणून ठेवायला हवं.