इंजिनिअर क्रासिन व १९२१ चा आंग्ल-रशियन व्यापारी करार

ता. १६ मार्च १९२१ रोजीं लंडन येथें इंग्लंड व सोव्हिएट रशिया यांमध्यें जो व्यापारी करार झाला, त्याच्या प्रास्ताविक भागांत हिंदुस्थानचें नांव स्पष्टपणें आलेलें आहे. विसाव्या शतकांतील हिंदुस्थानच्या इतिहासाचा अभ्यास करणारांस हा करार म्हणूनच उपेक्षून चालणार नाहीं. त्यावर इंग्लंडतर्फे व्यापारमंत्री सर रॉबर्ट हॉर्न यांची व रशियातर्फे लिओनिद बोरिसोविच क्रासिन याची सही आहे. क्रासिन हा पेशानें मुत्सद्दी नव्हता. तो विजेच्या कामांतील इंजिनिअर होता. त्यानें ही सही कां केली याचा उलगडा त्याच्या पूर्वचरित्रावरून होतो, असें आमचें मत आहे. यास्तव तें चरित्र प्रथम थोडक्यांत देऊन मग कराराकडे वळूं.

क्रासिनचा जन्म १८७० सालीं सैबेरियांतील कुर्गान येथें झाला. सेंट पीटर्सबर्गच्या टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकत असतां तो क्रांतिकारक विद्यार्थ्यांच्या मंडळांत शिरला. त्यापायीं शिक्षणांत खंड पडला, कैद झाली व पुढें इर्कुट्स्क येथें हद्दपारी भोगावी लागली. तेथें असतां सैबेरियन रेल्वेच्या बांधकामावर त्यास काम मिळालें. नंतर खार्कोव्ह येथें शिक्षण पुरें करून १९०० सालीं तो कास्पियन समुद्राकांठच्या बाकू शहरीं गेला. तेथील तेलाच्या विहिरींस वीज पुरविण्यासाठीं मोठें विद्युत्‌गृह उभारलें जात होतें. त्या कामावर तो रुजू झाला. त्याच शहरांत ‘नीना’ या सांकेतिक नांवानें एक गुप्त छापखाना चाले व त्यांत लेनिनप्रभृतींचें ‘इस्क्रा’ हें पत्र पुनः छापलें जाई. या छापखान्यास पैसा व साधनें मिळवून देणारांत क्रासिन प्रमुख होता. गुप्त मंडळींत त्यास ‘निकितिच’ म्हणत.

१९०४ सालीं तो मॉस्कोजवळील ओरेखोवो-झुयेवो येथें मोरोझोव्ह यांच्या कापड गिरण्यांच्या विद्युत्‌गृहावर गेला. या गिरण्यांचा धनी साव्वा मोरोझोव्ह स्वतःच क्रांतिकारकांस द्रव्यसाहाय्य करी. १९०५ च्या उठावाच्या काळांत शस्त्रें व स्फोटक द्रव्यें सिद्ध करणाऱ्या पक्षाच्या गुप्त विभागाचीं सूत्रें क्रासिनच्या हातीं होतीं. १९०८ सालीं फिनलंडांत त्यास अटक झाली. सुटका झाल्यावर तो परदेशीं गेला. तेथें हळूहळू पक्षकार्यांतून अंग काढून घेऊन तो बर्लिनच्या सीमेन्स कंपनीच्या नोकरींत शिरला व थोड्याच वर्षांत तिच्या रशियांतील कारभाराचा मुख्य झाला.

१९१७ च्या नोव्हेंबरांत लेनिननें सत्ता हस्तगत केली तेव्हां क्रासिन तिच्या यशाविषयीं साशंक होता. तथापि ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहाच्या वाटाघाटींत आर्थिक सल्लागार म्हणून त्यास पाचारण झालें, आणि १९१८ सालींच तो व्यापार व उद्योग खात्याचा कॉमिसार म्हणजे मंत्री झाला. १९१९ सालीं रेल्वे-दळणवळणाचें खातेंहि त्याजकडे आलें. जो मनुष्य पक्षापासून इतकीं वर्षें दूर होता त्यास एवढें पद कां मिळावें? नव्या राज्यांत लेखक, वक्ते व कारस्थानी पुरुष पुष्कळ होते; परंतु यंत्राची किंमत जाणणारा, पाश्चात्य कारखानदारांशीं त्यांच्याच भाषेंत बोलणारा आणि मुदतीच्या आंत काम पुरें करून घेणारा मनुष्य दुर्मिळ होता. रेल्वेचा मंत्री या नात्यानें देशाची कुचंबणा कोठें आहे हें क्रासिननें प्रत्यक्ष पाहिलें होतें. युद्धानें इंजिनें मोडकळीस आलीं होतीं. इंजिनें नाहींत म्हणून धान्य व कोळसा हलत नव्हता. आणि नवीं इंजिनें परदेशांतून आणल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

दोस्त राष्ट्रांनीं १९२० च्या जानेवारींत रशियाची कोंडी सैल केली ती रशियन सहकारी संस्थांशीं व्यापार करण्यापुरती. म्हणून क्रासिन लंडनास आला तो सहकारी संस्थांचा प्रतिनिधि या नात्यानें. ३१ मे १९२० रोजीं मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज यांची व त्याची भेट झाली. पुढील वाटाघाटी सुमारें साडेनऊ महिने रखडल्या.

करार न होण्यानें रशियाचें काय अडत होतें हें एका खटल्यावरून उत्तम कळतें. क्रासिननें १९२० च्या ऑगस्टांत सॅगर या इंग्रज व्यापाऱ्यास लांकडी फळ्या विकल्या. त्या फळ्या सोव्हिएट सरकारनें लूथर कंपनीच्या कारखान्यांतून जप्त केलेल्या होत्या. कंपनीनें लंडनच्या न्यायालयांत दावा लावला व डिसेंबरांत निकाल तिच्या बाजूनें झाला; कारण सोव्हिएट सरकारास इंग्लंडची मान्यताच नव्हती. म्हणजे रशियानें विकावयास आणलेला कोणताहि माल, फार काय सोनेंहि, जुन्या मालकांच्या व धनकोंच्या दाव्यांत अडकण्याची भीति होती. करारानंतर मे १९२१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें हाच निकाल फिरविला. कारण तोंपर्यंत इंग्रज सरकारनें सोव्हिएट सरकारास वस्तुतः सत्ताधारी म्हणून मानलें होतें. रशियांतून येणारें सोनें आपण होऊन अडकवून ठेवणार नाहीं, असेंहि इंग्रज सरकारनें करारांत कबूल केलें.

या लाभाची किंमत म्हणजेच प्रास्ताविकांतील ती अट. उभय पक्षांनीं परस्परांविरुद्ध वैराचीं कृत्यें व सरकारी प्रचार करूं नये. विशेषतः रशियानें आशियांतील लोकांस, आणि त्यांतहि हिंदुस्थान व अफगाणिस्तान येथील लोकांस, ब्रिटिश हितसंबंधांविरुद्ध चिथावूं नये, असा तिचा आशय आहे. याच सुमारास मानवेंद्रनाथ रॉय यांनीं ताश्कंद येथें हिंदी तरुणांसाठीं लष्करी शाळा चालविली होती. करार झाला त्याच दिवशीं हॉर्न यांनीं अशा उद्योगांबद्दलच्या तक्रारींचें एक पत्र क्रासिनच्या हातीं ठेवलें. ताश्कंदची शाळा १९२१ सालींच बंद झाली.

यावरून क्रासिननें हिंदुस्थानास इंजिनांच्या मोलानें विकलें असें म्हणावें काय? आमच्या मतें हा आक्षेप अर्धाच खरा आहे. अट त्यानें पत्करली हें निर्विवाद; आणि जे हिंदी तरुण डोंगर ओलांडून ताश्कंदास गेले होते त्यांच्या आशेचा यांत भंग झाला, हेंहि खरें. परंतु त्यांपैकीं कित्येकांस मॉस्को येथें नव्यानें निघालेल्या पूर्वेकडील श्रमिकांच्या विद्यापीठांत घेण्यांत आलें, म्हणजे कार्याचें स्थळ व स्वरूप तेवढें बदललें. १९२१ च्या सप्टेंबरांत लॉर्ड कर्झन यांनीं करारभंगाबद्दल पुनः खलिता धाडला, यावरून अट कितपत पाळली गेली याविषयीं इंग्रजांचेंहि समाधान झालें नव्हतें हें दिसतें. रशियास व्यापार प्रत्यक्ष मिळाला. इंग्लंडास मिळालें तें मुख्यत्वें वचन.

क्रासिनचें पुढील राजकारणहि याच धोरणाचें होतें. १९२२ सालीं परराष्ट्रीय व्यापाराची सरकारी मक्तेदारी सैल करण्याचा पक्षाच्या मध्यवर्ती समितीनें ठराव केला असतां त्यानें विरोध केला. लेनिननें त्याची बाजू उचलून धरल्यामुळें डिसेंबरांत तो ठराव रद्द झाला. १९२३ च्या पक्षपरिषदेंत मात्र, पक्षाचीं सूत्रें लेखक व प्रचारक यांच्याबरोबर उद्योगधंदा जाणणाऱ्यांच्याहि हातीं असावींत, हें त्याचें म्हणणें मान्य झालें नाहीं. १९२४ सालीं तो मध्यवर्ती समितीवर निवडला गेला. पॅरिस येथें व नंतर लंडन येथें वकिलात सांभाळीत असतां २४ नोव्हेंबर १९२६ रोजीं लंडनांतच त्याचा अंत झाला. १९२८ सालीं ध्रुवप्रदेशांत अडकलेल्या इटालियन विमानवीरांस सोडविणाऱ्या बर्फफोड्या जहाजास त्याचेंच नांव देण्यांत आलें होतें.

असो. राज्यक्रांतीचा इतिहास लिहितांना वक्त्यांचीं भाषणें व सेनापतींच्या मोहिमा यांकडे आपलें लक्ष प्रथम जातें. क्रासिनचें चरित्र पाहतां त्यांच्या जोडीस हिशेबाच्या वह्या, मालाच्या मागण्या व न्यायालयांचे निकाल हेहि तपासले पाहिजेत असें दिसून येतें. १९२१ च्या करारांतील हिंदुस्थानविषयक वाक्याचा खरा अर्थ त्या कागदांशीं ताडून पाहिल्यासच लागतो.