गिलावा चढण्याआधी

रायपूरची जुनी अष्टकोनी इमारत पाहिलीत का? राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ती संग्रहालयासाठी बांधून दिली. आज तिथे चित्रप्रदर्शनं भरतात. संग्रहालयाचं कलादालन झालं, तर फारसं बिघडत नाही. पण दारूच्या कारखान्यात हॉटेल उघडलं तर?

टोरांटोतली गुडरहॅम अँड वर्ट्स डिस्टिलरी १८३२ ची. १९९० मध्ये उत्पादन थांबलं. २००३ पासून तिथे दुकानं, हॉटेलं आणि नाटकं आहेत.

अशा कामाआधी इमारतीची पुरातत्त्वीय नोंद करता येते. इंग्लंडमध्ये तिच्या चार पातळ्याच ठरल्या आहेत : साध्या फोटोंपासून सखोल अभ्यासापर्यंत. मापं घेतात, नकाशे काढतात, मोजपट्टी ठेवून फोटो घेतात. फरशीचा उतार, पिंपांचे डाग, बुजवलेली खिडकी, पाइपची भोकं... यांवरून कळतं, मळी कुठे आंबायची, वाफ कुठून जायची, माणसं कुठे उभी राहायची. मला विचाराल तर सगळ्यात बोलकी असते ती भट्टीची काजळी. आणि नेमकी तीच आधी घासून काढतात!

तुमच्या ओळखीत एखादी जुनी राइस मिल किंवा वाडा बदलणार असेल, तर गवंडी येण्याआधी मोबाइल घेऊन जा. फोटोत पट्टी ठेवा. खोली, दिशा आणि तारीख तिथेच लिहून घ्या.