झाडाचे देणे

परसातील आंब्याला, पेरूला किंवा लिंबाला फळे लागली, की घरातील लहानथोरांना आनंद होतो. फळे उतरवली जातात, घरी खाल्ली जातात, शेजारीपाजारी वाटली जातात. परंतु फळांबरोबर जमिनीतील काही द्रव्येही उचलून नेली जातात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रानातील झाडाचे तसे नसते. त्याची पाने, फुले आणि फळे बहुतांशी त्याच्या पायाशीच गळतात, कुजतात आणि पुन्हा मातीत मिसळतात. मातीचे धन मातीला परत मिळते. घरच्या बागेत मात्र फळे घरात जातात आणि पालापाचोळा झाडून जाळला जातो. मातीचे हे देणे फेडण्यासाठीच झाडाला खत घालावे लागते.

झाड मातीतून घेते तरी किती? सतराव्या शतकात, आज बेल्जियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, व्हान हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. त्याने सुमारे ९१ किलो कोरडी माती मोजून एका कुंडीत भरली आणि तीत वाळुंज जातीचे सव्वादोन किलोंचे रोप लावले. पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी ते झाड जवळजवळ ७७ किलोंचे भरले; पण माती कमी झाली होती केवळ ५७ ग्रॅम! झाड सर्वस्वी पाण्यातूनच वाढते, असा निष्कर्ष हेल्मॉन्टने काढला. तो पुरता खरा नव्हता. झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करते, हे पुढे सिद्ध झाले. आणि मातीतून गेलेले ते मूठभर द्रव्य? ते अल्प असले, तरी क्षुल्लक नव्हते. भाजीत मीठ चिमूटभरच पडते. पण त्यावाचून भाजीला चव येत नाही. झाडाच्या बाबतीत तर या मूठभर द्रव्यांवाचून जीवनच अडते.

या द्रव्यांत नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन प्रमुख होत. नत्रामुळे पाने हिरवीगार होतात आणि फांद्या वाढतात. स्फुरदामुळे मुळे जोमाने फुटतात. फुले व बी धरण्यासही त्याचे साहाय्य होते. पालाशामुळे फळ चांगले पोसते आणि झाडाची रोगांशी झुंजण्याची शक्ती वाढते. शेणखतात ही तिन्ही द्रव्ये थोडीथोडी असतात. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद असते, तर चुलीतील लाकडाच्या राखेत पालाश असते. पूर्वीच्या गृहिणी परसातील झाडांना राख घालीत, त्यात असा अर्थ होता.

खत कोठे घालावे, याविषयी पुष्कळांची चूक होते. ते खोडाशी खताचा ढीग घालतात. परंतु खोडाजवळची जाड मुळे मुख्यतः झाडाला आधार देण्याचे काम करतात. अन्न शोषणारी बारीक तंतुमुळे खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली अधिक पसरलेली असतात. त्यांची जागा ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जूनच्या आरंभी, भर दुपारी सूर्य माथ्यावर आला, की झाडाची सावली पडते. त्या सावलीच्या कडेच्या किंचित आत एक उथळ वर्तुळाकार चर खणावा, त्यात खत पसरावे आणि वर माती लोटावी. खोडाशी रचलेले ओले खत मुळांच्या तोंडी तर पडत नाहीच, उलट त्यामुळे साल कुजण्याचा संभव असतो.

मुळे अन्न चावून खात नाहीत; पाण्यात विरघळलेले अन्नच ती शोषून घेतात. म्हणून जमिनीत ओल असताना खत द्यावे. आंबे उतरवून झाले आणि पहिला पाऊस पडून जमीन भिजली, की आंब्याला खत देण्याची योग्य वेळ येते. मात्र धो धो पावसात रासायनिक खत टाकले, तर त्यातील नत्र पाण्याबरोबर वाहून जाते.

शेणखत पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणामुळे वाळवी व हुमणी यांचा उपद्रव होतो. आंब्याच्या कलमाला पहिल्या वर्षी सुमारे १० किलो शेणखत पुरते. दरवर्षी ते थोडेथोडे वाढवीत दहाव्या वर्षी ५० किलोंपर्यंत न्यावे. रासायनिक खत वापरताना हात आखडता ठेवावा लागतो. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते, तर तेवढ्याच शेणखतात ते जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास असते. काकडीच्या फोडींवर मीठ घातले, की त्यांना पाणी सुटते. मुळांशी युरिया अधिक पडला, तर मुळांतील पाणीही असेच बाहेर ओढले जाते आणि झाड करपते. शिवाय नत्राचा अतिरेक झाल्यास झाड पानांनी माजते; पण मोहर मात्र थोडा येतो. शेणखताचा आणखी एक गुण युरियात नाही. ते माती भुसभुशीत करते, तीत ओल धरून ठेवते आणि गांडुळांना अन्न पुरविते.

एखादे झाड फळेनासे झाले, की त्याला वांझ ठरवून त्यावर कुऱ्हाड चालविली जाते. कित्येकदा ते झाड वांझ नसते, उपाशी असते. त्याची जुनी पाने फिकी पडतात, नवी पालवी खुरटते. झाड आपली भूक अशीच सांगत असते. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी त्या पानांकडे एकवार नीट पाहावे. आजोबांनी लावलेला आंबा नातवंडांना फळे देतो. त्या नातवंडांनी वर्षाकाठी चार पाट्या खत त्याच्या सावलीच्या कडेला घातले, तर तो त्यांच्या नातवंडांनाही फळे देईल.